दुखण्याला एकच शब्द?

सासरच्या माणसांनी मला माहेरी आणून सोडलं तेव्हा माझ्या वडिलांना एवढंच सांगितलं, "मुलगी बरी नाही." मग ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि आल्या गाडीनं परत गेले.

मी सतरा वर्षांची होते. बरी नाही म्हणजे काय, हे वडिलांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजारी? आळशी? उद्धट? वेडी? आमच्या मैंदर्गी गावात ज्याला जे हवं होतं ते त्यानं त्या दोन शब्दांत भरून घेतलं. पाणवठ्यावरच्या बायकांनी मला फिट येतात असं ठरवलं. देवळापाशी कुणी म्हणालं, हिच्या अंगात येतं. एका म्हातारीनं तर माझे हात उलटेपालटे करून कोड शोधलं. वर्षभर मी हे सोसलं. मोघम बोलण्याची मला चीड आहे, ती तिथून सुरू झाली. मी भांडकुदळ होते असं त्यांनी स्पष्ट सांगितलं असतं तर मला चाललं असतं. ते खरंही होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, दाराबाहेर कानडी. अण्णांना थोडं इंग्रजी येत होतं, ते त्यांनी मला शिकवलं होतं, घरात मुलगा नव्हता म्हणून. त्यांनाच कुणीतरी सांगितलं की सोलापुरात बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकवतात आणि राहायला खोली देतात. आई कडाडली, "परक्या बायकांची घाण काढायला पोरगी पाठवणार?"

मी म्हणाले, "दोन वर्षं सासरची काढलीच की."

आई त्यानंतर माझ्याशी निघेपर्यंत बोलली नाही.

तो तीस सालाच्या अलीकडचा-पलीकडचा काळ. दवाखाना लहान होता, चाळीस खाटांचा. मोठ्या डॉक्टर विलायतेच्या होत्या. त्यांना सगळे मडम म्हणत. मडमच्या खालोखाल वॉर्डावर सत्ता सिस्टरबाईंची. सिस्टरबाई पुण्याकडच्या, पन्नाशीच्या, कपड्याला सुरकुती न पडू देणाऱ्या. त्यांच्या हाताखाली आम्ही तीन शिकाऊ मुली. पेशंट म्हणाल तर सगळ्या तऱ्हेचे. गिरणीत कांडीखात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका, शहरातल्या तेलुगु विणकरांच्या घरातल्या, टेंभुर्णी-माढ्याकडून बैलगाडीतून आणलेल्या, अक्कलकोटच्या बाजूच्या कानडी बोलणाऱ्या. कानडीवाली आली की सिस्टरबाई मला हाक मारायच्या. तेवढ्यापुरता माझा मान होता.

प्रत्येक खाटेच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असे. त्यावर ताप, नाडी आणि पेशंटची हकीकत इंग्रजीत लिहायची. हकीकतीसाठी आम्हाला मोजके शब्द शिकवले होते. 'पेन' म्हणजे दुखतंय. 'मच पेन', 'लेस पेन', 'नो पेन'. झोप लागली तर 'गुड', नाही लागली तर 'बॅड'. एवढ्यावर चाळीस खाटांचं काम भागत असे. पहिले दोन-तीन महिने मीही तसंच लिहिलं आणि आपल्याला इंग्रजी येतं म्हणून खूशही झाले.

पण ऐकायचं मात्र मराठीत होतं, आणि मराठीत कुणी नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबतच नव्हतं.

"बाई, ठसठसतंय बगा. आत कुणीतरी बसून ठोकतंय असं."

"मुरडा मारून येतो, मग जरा ऱ्हातो, मग पुन्ना येतो."

"पाटीत चमक भरली की श्वासच घेऊ दीना."

"लघवीला चुरचुरतंय." "छातीत भगभगतंय." "पाय निस्ते वळत्यात, रग लागलीय." "डोकं भणाणतंय."

आणि मी खाटेच्या पायाशी उभी राहून लिहायचे, पेन. पुढच्या खाटेपाशी जाऊन लिहायचे, पेन. दहा बायकांना दहा तऱ्हांनी दुखत होतं आणि कागदावर सगळ्या सारख्या. एकदा एका गिरणीतल्या बाईनं मला लिहिताना पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण ती म्हणाली, "एवडं सांगितलं मी, आन् तुमी येवढूसंच लिवलं व्हय?"

मी तिला म्हटलं, "इंग्रजीत थोडक्यात लिहितात."

खोटं बोलले. इंग्रजीत काय लिहितात ते मला माहीतच नव्हतं. ते खोटं मला दिवसभर बोचत राहिलं, आणि त्या 'बोचण्या'लाही माझ्याजवळ इंग्रजी शब्द नव्हता.

शब्द मिळाला तो मडमच्याच तोंडून. त्यांना अर्धशिशीचा त्रास होता. एका दुपारी त्या बंगल्यावर अंधार करून पडल्या होत्या आणि कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवायला मला पाठवलं होतं. शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या एक मैत्रीण उशाशी बसल्या होत्या. मडम त्यांना सांगत होत्या, आणि मी घडी पिळता पिळता ऐकत होते. आधी म्हणाल्या, थ्रॉबिंग. बोटांनी कानशिलावर टकटक करून दाखवलं. मग म्हणाल्या, डोळ्यामागे स्टॅबिंग, कुणी सुरी खुपसावी तसं. मग प्रकाशानं डोळे स्मार्टिंग. पोट क्वीझी. थोड्या वेळानं जरा उतार पडल्यावर म्हणाल्या, आता काही नाही, नुसतं डल आहे, आत कुठेतरी नॉइंग.

मी एकेक बोट दुमडत गेले. थ्रॉबिंग, स्टॅबिंग, स्मार्टिंग, क्वीझी, डल, नॉइंग. सहा. एका हाताची बोटं पुरली नाहीत. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी राग आला. म्हणजे इंग्रजीत शब्द होते! भरपूर होते. थ्रॉबिंग म्हणजे आमची ठसठस. स्टॅबिंग म्हणजे चमक. स्मार्टिंग म्हणजे चुरचुर. क्वीझी म्हणजे मळमळ. हे काही डॉक्टरी पुस्तकातले अवघड शब्द नव्हते, डोकं दुखणारी बाई मैत्रिणीला सांगते ते साधे, घरातले शब्द होते. आम्हाला ते कुणी दिले नव्हते, इतकंच. आमच्या बायकांसाठी 'पेन' पुरे, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

घड्या संपल्या तशी मी दुमडलेली बोटं न सोडता औषधाच्या खोलीत पळाले. तिथे आमचे कंपौंडर होते, साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. इंग्रजी-मराठी शब्दकोश त्यांच्याच फळीवर होता.

"क्या होना बेटी?"

"चाचा, डिक्शनरी."

"बीमार कौन है? डिक्शनरी?" असं म्हणत त्यांनी ती जाडजूड, पानं सुटलेली डिक्शनरी काढून दिली. बाकीचे शब्द सापडले. 'नॉइंग' काही सापडेना. एन खाली पाहिलं. के खाली पाहिलं, तिथे एक मिळाला, त्याचा अर्थ 'जाणणारा'. जाणणारं दुखणं. मला तो अर्थ इतका आवडला की मी तसाच वहीत उतरवून घेतला. चाचांनी डोकावून पाहिलं आणि हसले.

"ये वो नै बेटी. इसमें पैले 'जी' है. लिखने का, बोलने का नै."

जी खाली शब्द होता. कुरतडणे. उंदीर कुरतडतो तसं. ते बरोबर होतं. पोटात व्रण झालेल्या बायका नेमकं तेच सांगत, 'आत काहीतरी कुरतडतंय'. तरी मी 'जाणणारं दुखणं' खोडलं नाही. कडेला राहू दिलं.

त्या दिवसापासून माझी वही सुरू झाली. डाव्या अंगाला बायकांचा शब्द, उजव्या अंगाला त्याच्या तोलाचा इंग्रजी. मुरडा, ग्राइपिंग. मुंग्या, टिंगलिंग. बधिर, नम. हात लावला तर दुखतं ते, टेंडर. शब्द कुठून कुठून आणले! मडमच्या मैत्रिणीनं वाचून टाकून दिलेली मासिकं आणली. साबणाच्या नि मलमाच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. मडम जेवताना खानसाम्याला काय म्हणतात ते कान देऊन ऐकलं. मांस चिवट झालं की काय म्हणायचं, दूध नासलं की काय, दार करकरलं की काय. माझ्या जोडीच्या दोघी चिडवायच्या, "काय गं, मडम व्हायचंय का?" मी म्हणायचे, "मडम नाही. पण मडमला कळेल असं बोलायचंय."

मग तक्त्यावर तसं लिहायला लागले. पहिल्याच आठवड्यात सिस्टरबाईंनी बोलावून घेतलं. टेबलावर माझे तीन तक्ते होते आणि तिन्हींवर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा.

"हे काय?"

"पेशंटनं सांगितलं ते, सिस्टरबाई."

"पेशंट काहीही सांगते. आपण पेन लिहायचं."

"पण तिची ठसठस आहे. त्याला थ्रॉबिंग म्हणतात. म्हणजे आत पू धरला असेल."

"पू धरला की नाही ते डॉक्टर बघतील. तू शिकाऊ आहेस. शब्दांची आरास मांडू नकोस. पेन म्हणजे पेन."

 दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तसंच लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. असं कितीतरी दिवस चाललं. मी काळ्या शाईनं लिहायचे, त्या तांबड्या पेन्सिलीनं खोडायच्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, तुझ्या वयाची असताना मीही असंच लांबलचक लिहायचे. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत वाचून दाखवून हसं केलं माझं. तेव्हापासून शहाणी झाले. तूही हो."

मला त्यांची दया आली, आणि मी शहाणी झाले नाही.

चैत्र सरत आला होता. सकाळी आठलाच फरशी तापायची. अशा एका सकाळी विणकरांच्या वस्तीतून एक बाई आणली. तिशीची असेल. सोबत तिची जाऊ. बाईला तेलुगुशिवाय काही येत नव्हतं आणि मला तेलुगु येत नव्हतं. ती "नोप्पी, नोप्पी" म्हणत होती, म्हणजे दुखतंय, एवढं मला कळत होतं. जाऊ मोडकंतोडकं मराठी बोलायची.

मी जावेला म्हटलं, "कसं दुखतं ते विचारा. नुसतं दुखतं नको."

दोघींचं काहीतरी बोलणं झालं. जाऊ म्हणाली, "पोटात, बाई. मधी." तिला शब्द सुचेना. मग तिनं खांद्यावरचा पंचा घेतला आणि दोन्ही हातांनी पिळून दाखवला, सूत धुऊन पिळतात तसा. "असं. मग सोडतंय. मग परत असं."

मी तक्त्यावर लिहिलं, बेंबीभोवती ग्राइपिंग, ओलं कापड पिळल्यासारखं, येतं आणि जातं, पहाटेपासून. सिस्टरबाईंनी माझ्यासमोर ते खोडलं आणि लिहिलं, पोटात पेन, शौच नाही. मग मला सुया उकळायला आत पाठवलं. मी नसताना मडम वॉर्डातून फिरून गेल्या. खाटेशी क्षणभर थांबल्या, तक्ता वाचला आणि दुपारी एरंडेल द्यायला सांगून पुढे गेल्या. त्यांचीही चूक नव्हती. कागदावर जे होतं त्याला एरंडेलच देतात.

दुपारी एकच्या सुमारास मी पुन्हा त्या खाटेशी गेले. बाई आता ओरडत नव्हती. उजवा पाय पोटाशी घेऊन अगदी निश्चल पडली होती. मी जावेला विचारलं, "पिळतंय का अजून?"

तिनं विचारलं आणि मान हलवली. "पिळत नाय. आता इथं." तिनं स्वतःच्या पोटावर उजवीकडे, खाली, एका बोटानं जागा दाखवली. "गळू असतंय की नाय बाई? गळूला लागल्यावानी. जात नाय आता. तितंच हाय."

माझा पाय खाटेला लागला. खाट जरा हलली, तर त्या बाईचा चेहरा एकदम पिळवटला.

मडमनी एका लेक्चरात आम्हाला सांगितलं होतं की दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली येऊन बसलं तर आतड्याचं ते शेपूट, अपेंडिक्स, सुजलेलं असू शकतं, आणि अशा पेशंटला जुलाबाचं काही देऊ नये, फुटण्याची भीती असते. मी तक्त्यावर दुसरी ओळ लिहिली. सिस्टरबाई एरंडेलाचा पेला घेऊनच आल्या होत्या.

"दे हिला."

"सिस्टरबाई, दुखणं सरकलंय. आधी ग्राइपिंग होतं, आता सोअर आहे. एका जागी आहे. मडमना सांगायला हवं."

"मडमनी पाहिलंय. ऑर्डर आहे. दे."

"त्यांनी पाहिलं तेव्हा वेगळं होतं. आणि तेव्हाचंही तुम्ही खोडलं."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सिस्टरबाईंचा चेहरा लाल झाला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पेशंटला औषध दे. नाहीतर टोपी काढून ठेव आणि घरी जा."

मी पेला घेतला. चालत मोरीपर्यंत गेले आणि एरंडेल ओतून दिलं. मग टोपी काढून सिस्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि वॉर्डाबाहेर पडले.  

घरी गेले नाही. आवार ओलांडून मडमच्या बंगल्यावर गेले. भर दुपार. दारात आया आडवी आली. "मडम झोपल्यात. कुणाला सोडायचं न्हाय."

"मग मी इथूनच ओरडते," मी म्हटलं आणि ओरडले.

मडम झोपेतून उठून बाहेर आल्या, पायात स्लीपर, केस सुटलेले. रागावल्या होत्या. डोक्यावर टोपी नसलेली शिकाऊ पोर दारात उभी. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "काय पाहिजे?"

मी मराठीत उत्तर दिलं नाही. वाटेत जुळवलेलं सगळं इंग्रजीत बोलले. व्याकरण धड नव्हतं. "फर्स्ट ग्राइपिंग, मडम. लाइक वेट क्लॉथ. नाउ नॉट ग्राइपिंग. नाउ सोअर, टेंडर, वन प्लेस." आणि जागा माझ्या अंगावर बोटानं दाखवली. "शेक बेड, शी जंप."

त्यांचा राग माझ्या डोळ्यांदेखत गेला. "तिला एरंडेल दिलं?"

"मोरीला दिलं," मी म्हणाले.

त्या तशाच, केस बांधत बांधत वॉर्डाकडे निघाल्या. तासाभरात त्या बाईला टेबलावर घेतलं. मला आत उभं राहू दिलं नाही. मी बाहेर जावेशेजारी पायरीवर बसले. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, तरी आम्ही दोघी तिथंच. जाऊ पंचा हातात धरून बसली होती, आणि मधूनमधून नकळत तोच पिळत होती.

ऑपरेशन नीट झालं. सुजून टम्म झालं होतं, आजचा दिवस काढला नसता, असं मडम नंतर म्हणाल्या. बाई वाचली. पंधरा दिवसांनी चालत घरी गेली. जाताना माझ्याशी बरंच काही बोलली. मला एक अक्षर कळलं नाही आणि जावेनं त्याचं मराठी केलं नाही. नुसती हसली.

इथे गोष्ट सुखानं संपली असं वाटेल. तसं झालं नाही. सिस्टरबाईंनी दवाखान्याच्या कमिटीकडे तक्रार केली. ऑर्डर मोडली, औषध फेकलं, पेशंटसमोर उलट बोलले. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माफी लिहून द्यावी, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही, असं ठरलं. मडम मला म्हणाल्या, "तू बरोबर होतीस. पण दवाखाना शिस्तीवर चालतो. दोन ओळी लिहून दे." त्यांनी अण्णांनाही निरोप धाडला. अण्णा मैंदर्गीहून आले, छत्री काखेत, चेहरा काळजीनं उतरलेला. निंबाखाली आम्ही उभे होतो.

"लिहून टाक की दोन ओळी," ते म्हणाले. "शब्दच आहेत. त्यानं काय अंगाला भोकं पडतात?"

"अण्णा, मला चुकीचं लिहायला सांगताय. मी औषध फेकलं हे लिहीन. चूक झाली हे लिहिणार नाही."

"ही जागा गेली तर कुठं जाशील?"

"माहीत नाही. पण 'मुलगी बरी नाही' म्हणून परत येणार नाही. काय केलं म्हणून काढली, ते कागदावर लिहून घेऊन येईन."

अण्णांनी छत्रीच्या टोकानं मातीत रेघोट्या ओढल्या. मग म्हणाले, "शुद्धलेखन तपासून देऊ का?"

मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. अण्णांनी तपासली, त्यांना बरेच शब्द माहीत नव्हते, त्याचा मला लबाड आनंद झाला. घडलं ते सगळं क्रमानं लिहिलं. शेवटी लिहिलं की मडमचं डोकं दुखलं तेव्हा मडमनी सहा शब्द वापरले, मी मोजले आहेत. माझ्या पेशंटलाही पोट एकच आहे आणि तिचं दुखणंही तिचं स्वतःचं आहे, तिला एक शब्द का? ज्यांना हे उद्धटपणाचं वाटतं त्यांनी मला उद्धट म्हणावं, तो शब्द बरोबर आहे. पण मला निष्काळजी म्हणू नये, तो चुकीचा आहे.

त्या वर्षी मला परीक्षेला बसू दिलं नाही. तीन महिने वॉर्डाऐवजी चादरी-टॉवेलांच्या खोलीत ठेवलं. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या आणि फाटलेलं शिवायचं. त्या खोलीत मी फाटण्याचे, विरण्याचे, उसवण्याचे इंग्रजी शब्द गोळा केले. मला कुणी थांबवू शकलं नाही. चाचा रोज दुपारी डिक्शनरी घेऊन यायचे, "आज कौनसा बीमार?" विचारायचे.

मी वॉर्डात परत आले तेव्हा तांबडी पेन्सिल टेबलावर होतीच. सिस्टरबाईंनी माझी माफी मागितली नाही आणि मी त्यांची मागितली नाही. पण माझ्या ओळी त्या आता खोडत नसत. त्यांच्याखाली स्वतःच्या हातानं 'पेन' लिहून ठेवत. दोन्ही राहायचं. पुढच्या वर्षी मी परीक्षा दिली आणि पास झाले.

त्यानंतरची एक गोष्ट सांगते. टेंभुर्णीकडची एक बाई आली होती. तिचं मूल जन्मून दुसऱ्या दिवशी गेलं होतं. ताप नव्हता, जखम भरत होती, नाडी ठीक. तरी सकाळपासून ती एकच म्हणत होती, "छातीत भडभडतंय, बाई. लई भडभडतंय."

सिस्टरबाईंनी विचारलं, "हार्ट आहे का?" मी पाहिलं, हार्ट नव्हतं. दूध दाटलं होतं, पण ती ते सांगत नव्हती. मी वही उघडली. थ्रॉबिंग नाही. बर्निंग नाही. चाचांकडे गेले, डिक्शनरी दोन्ही अंगांनी पालथी घातली. चाचा म्हणाले, "नै है बेटी. ये उनके पास नै है."

इतकी वर्षं मी इंग्रजी शब्दांच्या मागे धावले होते. त्या दिवशी पहिल्यांदा थांबले. जवळचा शब्द घालून भागवता आलं असतं, 'सॅड' होता, 'हेवी' होता. पण दोन्ही मोघम होते, आणि मोघम मी लिहिणार नव्हते. तक्त्यावर इंग्रजी अक्षरांत तिचाच शब्द लिहिला, भडभड. त्यापुढे काही नाही.

मडम फेरीला आल्या. तक्ता वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "हा कोणता शब्द?"

"तिचा आहे, मडम."

"इंग्रजीत काय?"

"इंग्रजीत नाही. तिलाच विचारा."

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कमिटी, असा तो चेहरा होता.  मडमनी तक्ता परत टांगला, स्टूल ओढलं आणि त्या बाईच्या उशाशी बसल्या. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "सांग. कसं होतंय?"

बाईनं आधी तोंड भिंतीकडे केलं. मग वळली, आणि सांगायला लागली.